ड्राफ्टची रात्र सोडा, राखीव संघ बघा! (फुटीची लिस्ट कशी बांधतात)

यारा_काठचा:

२००३ साली मेलबर्नला आलो. ऑफिसातल्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्याने विचारलं, "टीम कोणती?" मी म्हणालो, भारत. तो हसला. "क्रिकेटचं नाही रे, फुटीचं विचारतोय." राहायला ब्रन्सविकला होतो, चालत जाण्याजोगं मैदान म्हणजे प्रिन्सेस पार्क, म्हणून कार्लटन म्हणून टाकलं. इथे एकदा टीम सांगितली की बदलता येत नाही. जात बदलणं सोपं असेल.

आदल्याच वर्षी कार्लटनने काय दिवे लावले होते ते मला कोणी सांगितलंच नाही. पगारमर्यादा चोरून मोडल्याबद्दल ९ लाख ३० हजार डॉलर दंड झाला होता, ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वाटपातली) पहिली दोन पिकं, म्हणजे निवडीचे हक्क, हातची गेली होती, आणि क्लब इतिहासात पहिल्यांदाच तळाला गेला होता. एकूण १६ विजेतेपदं, शेवटचं १९९५चं. म्हणजे मी यायच्या आधी जेवणं उरकून भांडी घासून झाली होती.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे फुटी, क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर अठरा-अठरा जण खेळतात. एएफएल ही त्यातली सगळ्यात वरची लीग. तिच्यात १८ क्लब, आणि प्रत्येकाकडे चाळीसच्या वर खेळाडूंची यादी. तिला सगळे 'लिस्ट'च म्हणतात. आयपीएलसारखा लिलाव नाही. पैशाची थैली मोकळी करून पोरगं उचलता येत नाही, कारण पगाराला मर्यादा आहे. अठरा वर्षांची पोरं दर नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये येतात. जो क्लब तळाला, त्याचा नंबर पहिला. कुठे जायचं हे पोराच्या हातात नाही. १९८६ पासून हा प्रकार सुरू आहे. वर्षाच्या शेवटी काही जुन्यांना नारळ, ऑक्टोबरात क्लबांची आपापसात अदलाबदल, मग ड्राफ्ट.

आता कार्लटन. २००५ला तळाला, पहिला नंबर: मार्क मर्फी. २००६ला पुन्हा तळाला, पुन्हा पहिला नंबर: ब्राइस गिब्स. २००७ला तिसऱ्यांदा पहिला नंबर: मॅथ्यू क्रूझर. देशातली सर्वोत्तम तीन पोरं तीन वर्षांत घरात. वर त्याच २००७च्या ऑक्टोबरात वेस्ट कोस्टकडून ख्रिस जड आणला, त्या वेळचा बहुधा सगळ्यात भारी खेळाडू. मी तेव्हा लेकीच्या बारशाच्या गडबडीत होतो, तरी त्या आठवड्यात पेढे कशाचे वाटतोय ते माझं मलाच कळत नव्हतं.

फ्लॅग, म्हणजे विजेतेपदं, किती आली? शून्य. साधी ग्रँड फायनलसुद्धा नाही.

आणि जिलाँग? १९९९च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी जोएल कोरी ८व्या नंबरला घेतला. तो ठीक. पण पॉल चॅपमन ३१, कॅमेरन लिंग ३८, कोरी एनराइट ४७! २००१ला जिमी बार्टेल ८, जेम्स केली १७, स्टीव्ह जॉन्सन २४, आणि वडील त्याच क्लबचे म्हणून गॅरी अॅब्लेट ज्युनियर ४०व्या नंबरला. पहिलं पिक एकही नाही. २००७, २००९ आणि २०११, तीन फ्लॅग.

लोक म्हणतात जिलाँगसाठी खेळाडू निवडणाऱ्या स्टीफन वेल्सची नजर पारखी. आहेच. पण ४७व्या नंबरचा एनराइट ३३२ सामने खेळतो ही निव्वळ नजर नव्हे. चार-पाच वर्षं त्याला कोणीतरी घडवलं. कुठे? राखीव संघात, इथल्या भाषेत 'टूज'मध्ये. व्हिक्टोरियातल्या इतर बहुतेक क्लबांनी पैसे वाचवायला राखीव संघ बंद करून आपली पोरं व्हीएफएलमधल्या (एएफएलच्या खालची राज्यातली लीग) दुसऱ्या क्लबांकडे पाठवली, तेव्हा जिलाँगने आपला ठेवला. २००७ला मुख्य संघाने ग्रँड फायनल ११९ गुणांनी जिंकली, तो आजही विक्रम आहे. त्याच वर्षी त्यांच्या राखीव संघानेही व्हीएफएल जिंकलं. आमची तीन रत्नं आली त्या काळात कार्लटनची उरलेली पोरं प्रेस्टनला नॉर्दर्न बुलंट्सकडे खेळायची. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचा कोच, दुसऱ्याचीच गरज.

तर माझं म्हणणं: क्लबची लिस्ट कशी आहे हे ड्राफ्टच्या रात्री कळत नाही. शनिवारी सकाळी राखीव सामना बघायला जा, तिथे कळतं. तुमचं काय मत?

नवखा_पुणेकर:

धागा काढल्याबद्दल आभार, मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एक बाळबोध शंका. तळाला गेल्यावर पहिला नंबर मिळतो, तर संघ मुद्दाम हरत नाहीत का? आमच्या सोसायटीच्या स्पर्धेत बाय मिळावा म्हणून लोक काय काय करतात!

बेरकी_बगळा:

@नवखा, त्याला इथे टँकिंग म्हणतात आणि ते कोणीच करत नाही. ;)

मेलबर्न क्लब २००९ला तळाला होता. पहिली दोन्ही पिकं त्यांना मिळाली: टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह. पुढे चौकशी बसली. मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही, तरी २०१३ला पाच लाख डॉलर दंड झालाच. गुन्हा नाही पण दंड आहे, हे तुम्हा पुणेकरांना आरटीओमुळे कळेल. स्कली दोन हंगाम खेळून जीडब्ल्यूएस या सिडनीतल्या नव्या क्लबकडे गेला. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरला रिचमंडने घेतलेला डस्टिन मार्टिन तीन वेळा ग्रँड फायनलचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

अर्थात रिचमंडनेही हसू नये. २००४ला चौथ्या नंबरला त्यांनी रिचर्ड टॅम्बलिंग घेतला आणि पाचव्याला हॉथॉर्नने लान्स फ्रँकलिन उचलला. त्या टेबलावर बसलेल्यांना अजून झोप लागत नसेल.

जिलाँगची_काकू:

कोणीतरी आमच्याबद्दल चांगलं बोललं, तेही कार्लटनवाल्याने. आज दिवस बरा जाणार.

मी जिलाँगात १९९८ पासून. हे गाव म्हणजे मेलबर्नहून तासाभराच्या अंतरावर. फोर्डचा कारखाना होता तो २०१६ला बंद झाला. पण शनिवारी कार्डिनिया पार्क भरलेलं असतं. आमच्या घरासमोरच्या बेकरीतली बाई पाव देता देता राखीव संघातल्या पोराच्या गुडघ्याची चौकशी करते. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'घडवणं' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जिम आणि लॅपटॉप येतो.

दोन उदाहरणं.

स्टीव्ह जॉन्सन. हुन्नर अफाट, वागणं बेताल. २००६च्या शेवटी दारूच्या भानगडीत पोलिसांनी धरला. २००६चा हंगाम आमचा एवढा वाईट गेला होता की कोच मार्क थॉम्पसन यांची खुर्चीच जाते की काय असं झालं होतं. पण जॉन्सनला शिक्षा कोचने नाही केली, संघातल्याच खेळाडूंच्या गटाने केली: पहिले पाच सामने मुख्य संघात नाही, जा राखीवमध्ये. तो मुकाट्याने गेला. आणि २००७च्या सप्टेंबरात ग्रँड फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसऱ्या एखाद्या क्लबने त्याला विकला असता आणि वर 'शिस्त आणली' म्हणून पाठ थोपटून घेतली असती.

दुसरा आमचा टॉम हॉकिन्स. हाही वडिलांमुळे आला, २००६ला, ४१व्या नंबरला. अंगाने बैल. लोकांना वाटलं, आला नवा देव. आणि मग चार-पाच वर्षं नुसती चिडचिड. झेल सुटायचे, पळताना दमायचा. माझे यजमान तर त्याला दर सोमवारी विकायचे. २०११ची ग्रँड फायनल, आमच्या पॉडसियाडलीचा खांदा निखळला, सगळा भार या पोरावर आला, आणि दुसऱ्या अर्ध्यात त्याने तीन गोल मारले. पुढे ३५९ सामने, ७९६ गोल. उंच फॉरवर्ड (पुढे गोल मारणारे) आणि रकमन (उडी मारून बॉल आपल्या पोरांकडे ढकलणारे उंच गडी) यांचं असंच असतं. फणसासारखं, वरून दाबून कळत नाही आणि घाई केली तर चीक हाताला लागतो.

हिशेबनीस_पर्थ:

काकू, फणस आवडला. पण धाग्याच्या मूळ दाव्याशी असहमत आहे.

१. यारा_काठचा यांनी जिंकलेल्यांचीच नावं घेतली. १९९९ला जिलाँगने पहिल्या फेरीच्या आसपास घेतलेली आणखी पोरं होती, ती कोणाच्याही लक्षात नाहीत. ३८ नंबरला लिंग लागला म्हणून ३८ नंबर चांगला होत नाही.

२. स्वतःचा राखीव संघ हेच औषध असेल तर आमच्या वेस्ट कोस्टचं काय? २०१८ला फ्लॅग जिंकला तेव्हा आमची पोरं ईस्ट पर्थ या दुसऱ्या क्लबकडून खेळत होती. २०१९ पासून वॅफलमध्ये, म्हणजे इथल्या राज्याच्या लीगमध्ये, स्वतःचा संघ आला. नंतर काय झालं? २०२३ला तळाला, २०२५ला अख्ख्या हंगामात एक सामना जिंकून पुन्हा तळाला. राखीव संघानेही मारच जास्त खाल्ला. तुमच्या नियमाने आमचं उलट व्हायला हवं होतं.

३. पगारमर्यादेबरोबर एक तळमर्यादाही आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. क्लबला मर्यादेच्या किमान ९५ टक्के पैसे खर्च करावेच लागतात. म्हणजे तळाच्या संघालाही जवळपास तेवढेच पैसे वाटायचे, जेवढे विजेत्याने वाटले. मग सुमार खेळाडूला भारी पगार आणि लांब करार मिळतो, आणि तीन वर्षांनी खरंच चांगला पोरगा तयार झाला की त्याला द्यायला जागा नसते. लिस्ट बिघडते ती इथे. पुढच्या वर्षांचा पगार आधीच उचलून देऊन आजचे पैसे संपवणं हे शहाण्या क्लबांचं तंत्र आहे, कारण मग उद्या जागा मोकळी होते. हे काम अकाउंटंटचं आहे, कोचचं नाही. (होय, मी अकाउंटंट आहे.)

४. आणि जड घेतलात तेव्हा दिलंत काय ते सांगितलं नाहीत! तिसरं पिक, विसावं पिक, आणि जॉश केनेडी. तोच केनेडी आमच्याकडे दोनदा लीगमध्ये सर्वाधिक गोल मारणारा ठरला आणि २०१८चा फ्लॅगही जिंकला. धन्यवाद.

यारा_काठचा:

केनेडीचं नाव मी मुद्दामच टाळलं होतं. जखमेवर मीठ चोळायला पर्थहून यावं लागलं का?

वेस्ट कोस्टचा मुद्दा मान्य. मी जरा ताणलंच. मालकी कोणाची यापेक्षा दोन्ही संघ एकाच पद्धतीने खेळतात का, हे महत्त्वाचं. हॉथॉर्नचा स्वतःचा राखीव संघ नव्हता, पोरं बॉक्स हिलकडे जायची. पण तिथला खेळ, तिथली भाषा हॉथॉर्नचीच. २०१३ला दोघांनीही आपापली स्पर्धा जिंकली. वेस्टर्न बुलडॉग्जनी २०१४ला फुटस्क्रे नावाने स्वतःचा संघ पुन्हा उभा केला, पहिल्याच वर्षी व्हीएफएल जिंकलं. २०१६ला पुन्हा, आणि त्याच वर्षी सातव्या स्थानावरून मुख्य फ्लॅगही. रिचमंडनेही २०१४ला स्वतःचा संघ आणला. २०१९ तर सिनेमासारखं. मार्लियन पिकेट, वय २७, हंगामाच्या मध्यावर होणाऱ्या ड्राफ्टमधून आला. राखीव संघाच्या ग्रँड फायनलचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि पुढच्या शनिवारी थेट एएफएलच्या ग्रँड फायनलमध्ये पदार्पण! १९५२नंतर तसं कोणी केलं नव्हतं. जागा कशी भरायची हे त्याला सांगावं लागलं नाही, कारण तीच जागा तो खाली खेळत होता.

तुमचा तिसरा मुद्दा मात्र माझ्या धाग्यापेक्षा भारी आहे. यावर वेगळा धागा काढा.

बेरकी_बगळा:

पहिल्या पिकाला एवढी नावं ठेवू नका. हॉथॉर्नने २००१ला ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन फ्रीमँटलला दिले आणि १, २० आणि ३६ ही पिकं घेतली. पहिल्यावर ल्यूक हॉज, छत्तिसाव्यावर सॅम मिचेल. दोघेही पुढे फ्लॅग जिंकणारे कर्णधार. गंमत म्हणजे दोन वर्षांनी क्रोडही परत हॉथॉर्नला आला आणि २००८च्या विजयात खेळला. म्हणजे म्हैस विकली, पैसे घेतले, आणि म्हैस संध्याकाळी आपल्याच गोठ्यात.

गाबाचा_गोट्या:

ब्रिस्बेनवाल्यांना कोणी विचारतच नाही. २०२४ आणि २०२५, सलग दोन फ्लॅग, नमस्कार.

२०१३ला आमची पाच पोरं एकाच वर्षी 'घरी जायचंय' म्हणून निघून गेली. त्यांतले सॅम डॉकर्टी आणि इलियट यिओ दुसरीकडे स्टार झाले. तेव्हा कळलं की पोरगं निवडणं अर्धंच काम, ते इथे रमलं पाहिजे. १७-१८ वर्षांचं पोर, आई दोन हजार किलोमीटरवर, स्वयंपाक येत नाही, संघ रोज हरतो. कोण राहील? ख्रिस फेगन २०१७ला कोच म्हणून आले. हा माणूस एएफएलचा एकही सामना खेळलेला नाही. पहिल्या वर्षी आम्ही तळाला. पण त्याच वर्षी आमच्या राखीव संघाने नीफल ही खालच्या स्तरावरची स्पर्धा जिंकली, हा मुद्दा यारा_काठचा यांच्या बाजूने. मग २०१८ला ल्यूक हॉजला निवृत्तीतून ओढून आणला, पायांत दम उरला होता म्हणून नाही, पोरांना मैदानावर ओरडून उभं करायला. तो दोन वर्षं राहिला. मग लॅकी नील आला, चार्ली कॅमेरन आधीच आला होता. आता पोरं इथे यायला मागतात.

हिशेबनीस_पर्थ:

आणि विल अॅशक्रॉफ्ट कुठून आला, गोट्याशेठ? वडील मार्कस ब्रिस्बेनकडून खेळले म्हणून. धाकटा लेव्हायही तसाच. दुसऱ्या क्लबने त्या पोरावर आपलं पिक लावलं (यालाच बोली म्हणतात) की तुम्ही खालची चिल्लर पिकं गोळा करून गुणांच्या हिशेबात ती भरायची. पहिल्या पिकाचे ३००० गुण, खाली उतरत्या क्रमाने. वर २० टक्के सवलत! खालच्या फेऱ्यांतली मूठभर पिकं देऊन देशातला दुसऱ्या नंबरचा पोरगा घरात. कॉलिंगवुडने निक डेकॉस असाच मिळवला. २०२५ पासून सवलत निम्म्यावर आणली, तेव्हा कुठे जरा बरं. घडवण्याच्या गोष्टी सांगा, पण वडिलोपार्जित जमिनीवर उभं राहून सांगू नका.

गाबाचा_गोट्या:

विल २०२४ आणि २०२५, दोन्ही ग्रँड फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. जमीन वडिलोपार्जित असली तरी नांगर त्यानेच धरला ना?

तारनेटची_आई:

इतके दिवस वाचनमात्र होते, पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या.

माझा मुलगा १३ वर्षांचा. इथेच जन्मला, फुटी त्याच्या रक्तात आहे आणि वरणभात नाही. सांगायचं ते असं की ज्या मुलांच्या आई-वडिलांपैकी एकाचा जन्म आशियात किंवा आफ्रिकेत झालाय, त्यांच्यासाठी क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकादमी आहेत. आदिवासी मुलांसाठीही. म्हणजे आपली मुलं यात बसतात आणि आपल्यापैकी कित्येकांना हे ठाऊकच नसतं! सगळे पालक क्रिकेट, नाही तर गणिताच्या क्लासला. बुलडॉग्जने घेतलेला जमारा उगल-हेगन, २०२०चा पहिला नंबर, अशाच अकादमीतून आला.

पण या धाग्यावरचा 'घडवणं' हा शब्द वाचून मला हसू आलं आणि थोडं रडूही. आमच्या गल्लीतल्या क्लबात (नाव घेत नाही) गेल्या वर्षी कोचने माझ्या मुलाला पूर्ण हंगाम मागच्या कोपऱ्यात उभं केलं. बॉल तिकडे येतच नाही. का, तर मुलगा अजून बुटका. उंच झालेली तीन मुलं, सगळा खेळ त्यांच्याभोवती. मी विचारायला गेले तर म्हणाले, "ही'ज अ ग्रेट किड." बास. हे वाक्य इथे नाही म्हणायला वापरतात हे मला दहा वर्षांनी कळलं.

जिलाँगची_काकू:

तारनेटच्या आई, स्वागत. क्लब बदला, अपराधी वाटून घेऊ नका. तेराव्या वर्षी उंच असलेली मुलं अठराव्या वर्षी तेवढीच असतात, बाकीचे त्यांना गाठतात. मग त्यांच्या लक्षात येतं की बॉल जमिनीवर असताना काय करायचं हे आपल्याला कोणी शिकवलंच नाही. तुमच्या लेकाला आत्ता दोन्ही पायांनी लाथ मारता येते का? तेवढंच बघा.

आणि अठराव्या वर्षीच सगळं ठरतं असंही नाही. आमचा टॉम स्टुअर्ट. ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलं नाही, तो इथल्याच गावातल्या क्लबात आणि मग आमच्या राखीव संघात खेळत राहिला. २३व्या वर्षी ४०व्या नंबरला निवडला गेला. देशातल्या सर्वोत्तम बचावपटूंमध्ये त्याचं नाव घेतात. २०२२ला आम्ही सिडनीला ८१ गुणांनी हरवलं, ग्रँड फायनल खेळलेला तो आजवरचा सर्वांत वयस्क संघ. त्यात टायसन स्टेंगल होता, अॅडलेडने सोडून दिलेला. त्याने चार गोल मारले. आयझॅक स्मिथ ३३ वर्षांचा, हॉथॉर्नहून आलेला, तो सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू. दोन आयरिश पोरं होती, टुओही आणि ओ'कॉनर, जी लहानपणी गेलिक फुटबॉल खेळली. कुठून कुठून आणून शिवलेली गोधडी होती हो ती.

हिशेबनीस_पर्थ:

काकूंना +१. (गोधडीत जेरेमी कॅमेरनचा रेशमी तुकडाही होता, पहिल्या फेरीची तीन पिकं देऊन आणलेला. पण असो.)

@तारनेटची_आई, अकादमीबद्दल एक सावधगिरी. मुलगा अकादमीत असला म्हणून त्याच क्लबला मिळतो असं नाही, नियम सारखे बदलतात. मॅक अँड्र्यू मेलबर्नच्या अकादमीत वाढला. २०२१ला पहिल्या २० पिकांत लागलेल्या बोलीला क्लबने उत्तर द्यायचं नाही असा नियम आला, आणि तो पाचव्या नंबरला गोल्ड कोस्टला गेला. मुलाचं काही बिघडलं नाही म्हणा, उलट भलं झालं.

तारनेटची_आई:

काकू, तो डाव्या पायाने अजिबात मारत नाही. आजपासून अंगणात सुरू. कुंड्या आत घेते.

नवखा_पुणेकर:

सगळं वाचलं. मला आता टीम निवडायची आहे. कोणती घेऊ? कार्लटन सोडून सांगा.

यारा_काठचा:

@नवखा, राग आलाय पण समजू शकतो.

तारनेटच्या आई, २०२१ पासून कार्लटनचा राखीव संघ पुन्हा स्वतःचा आहे. अठरा वर्षं दुसऱ्याच्या दारात काढल्यावर सुचलं. सामना प्रिन्सेस पार्कला असेल तेव्हा लेकाला घेऊन या. कुंपणाला टेकून उभं राहता येतं, कोच बाकावरून काय ओरडतो ते शब्दन्‌शब्द ऐकू येतं (काही शब्द लेकाला ऐकू देऊ नका). मध्यंतरात पोरांना मैदानात सोडतात, तिथे डाव्या पायाचा सराव होईल. मी स्कोअरबोर्डाच्या बाजूला असतो, निळी टोपी, हातात थर्मास. चिवडा माझ्याकडे असतो, चहा तेवढा तुमचा तुम्ही आणा.

जिलाँगची_काकू:

त्या दिवशी समोर जिलाँग असेल तर मीही येते. चकल्या आणीन. पण बसेन आमच्या बाजूला.